गोलात जागा एकच: मोठा गोलकीपर निवृत्त झाला की पुढचा कुठून आणायचा?

पॅरिसमध्ये 8 ऑगस्ट 2024 ला भारताने स्पेनला 2-1 ने हरवून ब्राँझपदक जिंकलं आणि त्याच सामन्यानंतर पी. आर. श्रीजेशने पॅड कायमचे उतरवले. 336 आंतरराष्ट्रीय सामने, दोन ऑलिंपिक पदकं. हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातली 16 नंबरची जर्सीसुद्धा त्याच्यासोबत निवृत्त केली. नांदेडला हॉकी परकी नाही. गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाची अखिल भारतीय गोल्ड-सिल्व्हर कप स्पर्धा इथे भरते, बाहेरून संघ येतात, लोक उन्हात उभं राहून सामने बघतात. त्यामुळे त्या आठवड्यात टपरीवर विषय एकच: श्रीजेश गेला, आता गोलात कोण?

उत्तर तयार होतं. कृष्ण बहादूर पाठक. कित्येक वर्षं तो श्रीजेशच्या मागे थांबलेला. प्रो लीगमध्ये दोघांना आलटून पालटून खेळवलं जायचं. पण पॅरिसच्या सोळा जणांत गोलकीपर एकटा श्रीजेश. पाठक राखीव यादीत. म्हणजे देशातला दुसऱ्या नंबरचा गोलकीपर, पण ऑलिंपिकमध्ये त्याच्या वाट्याला एक मिनिटही आलं नाही. गोलकीपरचा वारस शोधणं इतकं अवघड का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं बर्फावर सापडतं, कारण तिथे या प्रश्नात कोट्यवधी डॉलर अडकलेले असतात. अलीकडे इथली पोरं मोबाइलवर आइस हॉकीचे रील बघतात आणि हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवर पोत्यात गुंडाळून आणलेली लादी. तेव्हा आधी खेळ थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडा मिळून एनएचएल नावाची लीग आहे, 32 संघ. एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण, त्यातला एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी पक: कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर उसळते. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आपल्या मैदानी हॉकीच्या गोलापेक्षा बराच लहान. ऐकायला सोपं वाटतं. पण 2012 च्या एका कौशल्य स्पर्धेत झेडेनो चारा या खेळाडूने मारलेला फटका ताशी 175 किलोमीटरचा होता. रोजच्या सामन्यातला जोरदार फटका दीडशेचा धरला, तरी दहा मीटरवरून पक गोलात यायला पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात बघून हात हलवणं शक्यच नाही. चांगला गोलकीपर फटका बसायच्या आधीच, मारणाऱ्याचे खांदे आणि काठीचं पातं बघून, जागेवर पोचलेला असतो. हे वाचन वयाने येतं. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ तेच आहे.

आता थोडं गणित. गोलकीपरचं मोल मोजायचं साधं माप म्हणजे गोलाकडे आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले. शंभरातले नव्वद अडवणारा आजच्या लीगमध्ये साधारण समजला जातो. ब्याण्णव अडवणारा मोठा खेळाडू. फरक फक्त दोनाचा, मग एवढा गाजावाजा कशाला? समजा एका सामन्यात तीस फटके येतात आणि मुख्य गोलकीपर हंगामातल्या 82 पैकी साठ सामने खेळतो. झाले अठराशे फटके. पहिला 180 गोल खाईल, दुसरा 144. छत्तीस गोलांचा फरक. आकडेमोड करणारे लोक साधारण सहा गोलांच्या फरकाला एक विजय धरतात. म्हणजे सहा विजय, बारा गुण. पुढच्या फेरीत जाणारा संघ आणि एप्रिलमध्ये घरी बसणारा संघ यांच्यात बऱ्याचदा तेवढंही अंतर नसतं. बाकी कुठल्याच जागेवर एका माणसाच्या येण्याजाण्याने इतकं हलत नाही.

मग दुसरा चांगला गोलकीपर शेजारी तयार करून ठेवायला काय होतं? होत नाही, आणि त्याला कारण आहे.

पुढे खेळणाऱ्या नव्या पोराला रोज दहा मिनिटं बर्फावर सोडता येतं. चुकला तर बाकीचे सावरून घेतात. गोलात मात्र जागा एकच. सामन्यासाठी संघात दोन गोलकीपर असतात, त्यातला दुसरा बाकावर टोपी घालून दार उघडझाप करतो. मुख्य गोलकीपर दमदार असेल तर दुसऱ्याला हंगामात वीस-पंचवीस सामने मिळतात, तेही बहुतेक लागोपाठ दोन दिवस खेळावं लागलं की दुसऱ्या दिवसाचे: थकलेला संघ, परगावचं मैदान. तेवढ्यावरून तो पुढची दहा वर्षं पेलेल की नाही हे कसं ठरवणार? सरावात सगळेच वाघ असतात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या शाळेच्या हॉकी संघाला गोलकीपरचा किट एकच होता. पायाचे पॅड आतून दबलेले, एका पॅडचा पट्टा तुटलेला, त्याला सुतळी बांधलेली. घामाचा वास तर इतका की किटची पिशवी कुणी वर्गात ठेवू देत नसे. मोठा गोलकीपर दहावीत होता आणि किट त्याच्या अंगावर. मागचा पोरगा नुसता हातमोजे घालून गोलामागे उभा राहायचा आणि बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. किट नाही म्हणून त्याच्यावर कुणी जोरात मारायचं नाही, जोरात मारत नाहीत म्हणून त्याला सवय होत नाही. मोठा दहावी पास होऊन गेला. पुढच्या वर्षीच्या पहिल्याच आंतरशालेय सामन्यात या पोराच्या अंगावर पहिल्यांदा पूर्ण किट चढला आणि त्याला त्यात वाकताच येईना. दोष कुणाचा? संघाने वारस नेमला होता, फक्त त्याला वारस व्हायची संधी दिली नव्हती. एनएचएलच्या क्लबांकडे किटची कमतरता नाही, पण सामन्यांची असते. अडचण तीच.

त्यात भर म्हणजे गोलकीपर उशिरा पिकतो. एनएचएलमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो: अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांना क्लब क्रमाने निवडून घेतात. पुढे खेळणारा हुशार पोरगा अठराव्या वर्षी ओळखू येतो. गोलकीपर बावीस, चोवीस, कधी सव्विसाव्या वर्षी कळतो. खालच्या स्तरावर फटके हळू, बचाव करणारे वेगळे, म्हणून तिथले आकडेही फसवतात. नावं बघा. बफेलोचा डोमिनिक हाशेक, ज्याने 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघाला सुवर्ण मिळवून दिलं, तो 199 वा निवडला गेला होता. न्यूयॉर्क रेंजर्सचा हेन्रिक लुंडक्विस्ट 205 वा. नॅशव्हिलचा पेक्का रिने 258 वा. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर कुणी निवडलंच नाही. उलट बाजूला, 2000 साली न्यूयॉर्क आयलँडर्सने रिक डीपिएत्रोला अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला घेतला, 2006 मध्ये त्याच्याशी पंधरा वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार केला, आणि दुखापतींनी ग्रासलेल्या डीपिएत्रोला 2013 मध्ये पैसे देऊन मोकळं केलं. ते पैसे हप्त्याहप्त्याने 2029 पर्यंत देत राहायचे आहेत. पहिल्या क्रमांकाचे सगळेच फसतात असं नाही. पिट्सबर्गने 2003 मध्ये पहिला घेतलेला मार्क-आंद्रे फ्लूरी 575 विजय नावावर घेऊन 2025 मध्ये थांबला. पण अठरा वर्षांच्या पोराकडे बघून पुढचा फ्लूरी कोणता आणि डीपिएत्रो कोणता हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला तरी अजून दिसलेला नाही.

डीपिएत्रोचं नाव निघालंच आहे, तर आयलँडर्सने त्याच्यासाठी जागा रिकामी करायला कुणाला घालवलं तेही सांगतो. रोबेर्तो लुओंगो. या एका माणसाच्या कारकिर्दीत गोलकीपरच्या वारसाहक्काची जवळजवळ सगळी बाजू दिसते. मला तर वाटतं, हा विषय समजून घ्यायला बाकी कुणाचं चरित्र वाचायची गरज नाही.

मॉन्ट्रियलचा हा पोरगा. 1997 मध्ये आयलँडर्सनेच त्याला चौथ्या क्रमांकावर निवडला होता. तीन वर्षांत त्यांना दुसरा आवडला आणि लुओंगोची रवानगी फ्लोरिडाला. म्हणजे पहिला अंक: वारस तयार होत होता, पण मालकांना धीर नव्हता. 2006 मध्ये फ्लोरिडाने त्याला व्हँकुव्हरला दिला आणि तिथे तो खरा मोठा झाला. 2010 चं ऑलिंपिक व्हँकुव्हरलाच होतं. कॅनडाच्या गोलात मार्टिन ब्रोदूर, 691 विजयांचा विक्रम आजही ज्याच्या नावावर आहे तो. प्राथमिक फेरीत अमेरिकेने कॅनडाला 5-3 ने हरवलं आणि प्रशिक्षकांनी ब्रोदूरला बाकावर बसवून लुओंगोला उतरवलं. कॅनडाने सुवर्ण जिंकलं. वारसाची निवड कधीकधी अशी एका रात्रीत होते, त्यात नियोजन वगैरे काही नसतं.

पण त्याआधीच, सप्टेंबर 2009 मध्ये, व्हँकुव्हरने त्याच्याशी एक करार करून ठेवला होता. बारा वर्षं, सहा कोटी चाळीस लाख डॉलर. संपेल तेव्हा लुओंगो त्रेचाळीस वर्षांचा! एवढा लांब का, ते समजायला सॅलरी कॅप समजून घ्यावी लागेल. 2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला. नंतर नियम आला: प्रत्येक क्लबने खेळाडूंच्या पगारावर एका ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करायचा नाही. 2005-06 मध्ये ही मर्यादा 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाखांवर पोचली. हिशेब धरताना कराराची वार्षिक सरासरी धरतात. मग क्लबांनी शक्कल लढवली. पहिल्या वर्षांत भरपूर पगार द्यायचा, शेवटी चार-पाच वर्षं नावापुरती जोडायची. सरासरी खाली येते आणि त्या शेवटच्या वर्षांत खेळाडू निवृत्तच झालेला असेल असा सगळ्यांचाच कयास. लुओंगोला पहिल्या वर्षी एक कोटी आणि शेवटाला वर्षाला दहा लाख, असं ते गणित होतं.

दरम्यान व्हँकुव्हरकडे कोरी श्नायडर नावाचा तरुण गोलकीपर तयार झाला. अगदी पुस्तकात सांगतात तसा: आधी खालच्या लीगमध्ये, मग लुओंगोचा बदली म्हणून. 2011 मध्ये लुओंगो स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना बॉस्टनकडून हरला. 2012 च्या बाद फेरीत दोन सामने हरल्यावर प्रशिक्षकांनी तिसऱ्याला श्नायडरला उभं केलं. झाला बदल, असंच सगळ्यांना वाटलं. आता लुओंगोला दुसरीकडे पाठवायचं एवढंच बाकी. पण तो करार कुणी घ्यायला तयार होईना. 2013 मध्ये खुद्द लुओंगोनेच पत्रकारांसमोर कबूल केलं की अडथळा आपला करारच आहे. मग व्हँकुव्हरने जे केलं त्याला आपल्याकडे हातचं सोडून पळत्यामागे लागणं म्हणतात. जून 2013 मध्ये वारस श्नायडरलाच न्यू जर्सीला देऊन टाकलं (तिथे ब्रोदूर चाळिशी ओलांडलेला, त्यांनाही वारस हवाच होता) आणि लुओंगोला ठेवून घेतलं. पण मन कलुषित झालं ते झालंच. 2 मार्च 2014 ला उघड्या मैदानावर एक मोठा सणासारखा सामना होता. त्यात प्रशिक्षकांनी लुओंगोला बसवून बदली गोलकीपरला खेळवलं. दोन दिवसांनी लुओंगो फ्लोरिडाला परत. नऊ महिन्यांत व्हँकुव्हरने गादीवरचाही घालवला आणि गादीचा वारसही.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही. इथे गंमत अशी की पहिली विहीर तुडुंब भरलेली असताना दुसरी खोदायला काढली, तर घरचेच वेड्यात काढतात आणि पहिल्या विहिरीला रागही येतो. मोठ्या गोलकीपरच्या बाबतीत हा रुसवा खरा असतो. त्याने स्वतःहून जागा का सोडावी? करारात बहुतेकदा कलमच असतं की त्याच्या परवानगीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येणार नाही.

मग शरीर. आजचे जवळपास सगळे गोलकीपर गुडघे आत वळवून खाली बसतात आणि दोन्ही पॅड बर्फावर आडवे पसरतात. पॅट्रिक रॉयने 1986 मध्ये, विशीत असताना, मॉन्ट्रियलला स्टॅनले कप जिंकून दिला तेव्हापासून ही पद्धत रूढ होत गेली. गोलाचा खालचा भाग बंद होतो, पण प्रत्येक वेळी नितंबाचा सांधा अशा कोनात वळतो ज्या कोनात तो वळायला बनलेलाच नाही. हे सामन्यात आणि सरावात मिळून दिवसाला शेकडो वेळा. म्हणून गोलकीपर हळूहळू उतरणीला लागत नाही, एके दिवशी सांधा नाही म्हणतो. मॉन्ट्रियलचाच कॅरी प्राइस 2021 मध्ये संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. त्यानंतर गुडघ्यामुळे तो फक्त पाच सामने खेळू शकला, तेही एप्रिल 2022 मध्ये. वर्षाला एक कोटी पाच लाख डॉलरचा करार मात्र 2026 पर्यंतचा. शेवटी सप्टेंबर 2025 मध्ये मॉन्ट्रियलने तो करार, करारच म्हणायचं, कारण माणूस खेळत नव्हताच, सॅन होजेच्या क्लबच्या गळ्यात घातला.

चांगली उदाहरणं नाहीतच का? आहेत. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाने हे नॅशव्हिलने केलं. 258 वा निवडला गेलेला रिने तिथे दशकभर मुख्य गोलकीपर होता. सहा फूट पाच इंच उंच, लांब हाताचा. त्याच्या ऐन भरात, 2013 मध्ये, क्लबने त्याच्याच देशातला, फिनलंडचा, युसे सारोस 99 वा निवडला. उंची पाच फूट अकरा. या लीगमध्ये हा गोलकीपर बुटका समजतात. घाई केली नाही. आधी खालची लीग, मग हंगामात थोडे सामने, मग थोडे आणखी. 2019-20 मध्ये सारोस 40 खेळला आणि रिने 36. कुणी घोषणा केली नाही, कुणाला बाकावर फेकलं नाही, काटा हळूच पलीकडे झुकला. 10 मे 2021 ला रिनेने हंगामातला शेवटचा सामना घरच्या मैदानावर खेळला, एकही गोल खाल्ला नाही, आणि जुलैमध्ये निवृत्ती सांगितली. पुढच्या हंगामात सारोस 67 सामन्यांत उभा राहिला. रिनेने दादासारखं वागून त्याला जागा दिली हेही खरं, आणि ते कुठल्या क्लबला ठरवून करता येत नाही.

गंमत पुढे आहे. एकदा जमलं म्हणून नॅशव्हिलने 2020 मध्ये यारोस्लाव अस्कारोव्हला अकरावा निवडून पुढच्या वारसाचीही तयारी केली. पण 2024 च्या जुलैत त्यांनी सारोसशी आठ वर्षांचा करार केला. अस्कारोव्हने हिशेब केला: मी बावीस वर्षांचा, समोर आठ वर्षांची भिंत. त्याने दुसरीकडे पाठवा म्हणून सांगितलं आणि ऑगस्टमध्ये तो सॅन होजेला गेला. पाठकसारखं वर्षानुवर्षं मागे थांबणं राष्ट्रीय संघात चालतं, कारण देश बदलता येत नाही. क्लबमधला तरुण थांबत नाही, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

न्यूयॉर्क रेंजर्सचं बघा. तिथे शेवट बरा झाला, पण रस्ता वाईट होता. लुंडक्विस्ट पंधरा हंगाम, 459 विजय, शहराचा लाडका. जानेवारी 2020 मध्ये इगोर शेस्टेरकिन आला, 118 वा निवडलेला, रशियात तयार झालेला. त्या हिवाळ्यात क्लबकडे तीन गोलकीपर होते आणि जागा दोन. लुंडक्विस्ट आठवडेच्या आठवडे बसून राहिला. सप्टेंबरमध्ये क्लबने कराराचं शेवटचं वर्ष पैसे देऊन संपवलं. तो वॉशिंग्टनला गेला, पण हृदयाचा विकार निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि तिथे एकही सामना न खेळता ऑगस्ट 2021 मध्ये तो निवृत्त झाला. शेस्टेरकिन 2022 मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला आणि डिसेंबर 2024 मध्ये आठ वर्षांच्या, वर्षाला सरासरी 1 कोटी 15 लाख डॉलरच्या करारावर त्याने सही केली. एवढा महाग गोलकीपर आजवर झाला नव्हता. या दोन नावांच्या मागे तिसरं नाव आहे, ते सहसा मथळ्यात येत नाही: गोलकीपरांचा प्रशिक्षक बेनुआ अलेर. लुंडक्विस्टला त्यानेच घडवलं, शेस्टेरकिनलाही. खेळाडू बदलला, शिकवणारा तोच राहिला. आपल्याकडे जिल्हा पातळीवर गोलकीपरला वेगळा प्रशिक्षक असतो हेच अनेकांना माहीत नसतं. पीटीचे सर म्हणतात, "जा रे, उंच आहेस, गोलात उभा राहा."

आता परत लुओंगोकडे, फ्लोरिडात. उन्हाचा प्रदेश, समुद्रकिनारे, आणि तिथे बर्फावरच्या हॉकीचा क्लब! आपण चाळीस अंशांत असं काही ऐकलं की हसू येतं. जून 2019. लुओंगो चाळीस वर्षांचा, नितंबाच्या सांध्याने बेजार. क्लबने 21 जूनला ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर स्पेन्सर नाइट हा गोलकीपर घेतला. 26 जूनला लुओंगोने निवृत्ती जाहीर केली. 1 जुलैला बोब्रोव्स्की, वय तीस, सात वर्षं, सात कोटी डॉलर. दहा दिवसांत आजचा गोलकीपर विकत घेतला आणि उद्याचा राखून ठेवला.

व्हँकुव्हरला मात्र जुनं बिल आलं. लांबलचक करारांची ती शक्कल बंद करायला लीगने 2013 मध्ये नियम आणला होता: अशा करारातला खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला, तर आधी वाचवलेली रक्कम क्लबच्या मर्यादेतून कापायची. लुओंगोला घालवून पाच वर्षं झाली होती, तरी व्हँकुव्हरच्या मर्यादेतून तीन हंगाम दरवर्षी तीस लाख डॉलर कापले गेले. सही करताना हा नियम अस्तित्वातच नव्हता. व्हँकुव्हरच्या लोकांनी त्यावर अन्याय म्हणून ओरड केली, आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटतं.

फ्लोरिडाचा डावही लगेच फळला नाही. बोब्रोव्स्की पहिल्या हंगामात शंभरातले नव्वदच अडवत होता. लीगमधला सगळ्यात वाईट करार म्हणून लोक त्याच्याकडे बोट दाखवत. 2023 च्या बाद फेरीची सुरुवातही त्याने बाकावरून केली. समोर बॉस्टन, ज्यांनी त्या हंगामात 65 सामने जिंकून विक्रम केला होता. मालिकेच्या मध्यावर त्याला गोलात उभं केलं, फ्लोरिडाने बॉस्टनला घालवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. ती हरले. 2024 मध्ये एडमंटनला सात सामन्यांत हरवून कप जिंकला, 2025 मध्ये पुन्हा त्यांनाच सहा सामन्यांत. पहिली तीन-चार वर्षं बघून निकाल दिला असता तर हा वारस नापास होता.

आणि खरा वारस, नाइट? बोब्रोव्स्की सावरला तसा त्याचा रस्ता बंद झाला. 2023-24 चा हंगाम तो खालच्या लीगमध्ये खेळला. मार्च 2025 मध्ये फ्लोरिडाने त्याला शिकागोला देऊन बदल्यात सेथ जोन्स हा बचावपटू घेतला. तीन महिन्यांनी जोन्सने कप उचलला. वारस म्हणून जपलेला गोलकीपर शेवटी चलन म्हणून वापरला गेला, आणि हिशेबात तो तोट्याचा सौदा नव्हता.

बोब्रोव्स्कीचा 2019 चा करार 2026 च्या उन्हाळ्यापर्यंतचा, आणि त्या सप्टेंबरात तो अडतीस पूर्ण करतो. नाइट आता नाही. 2025 च्या जूनमध्ये कोलंबसकडून डानिल टारासोव्ह आणला, तो बदली म्हणून. दरम्यान क्लबने गोलकीपर हेरणं आणि घडवणं यासाठी वेगळा विभाग काढला. त्याच्या प्रमुखपदी त्यांनी लुओंगोलाच बसवलंय.